स्नेहाचे मोजमाप

संस्कृत भाषेत तेलातुपाला ‘स्नेह’ असे एक गोड नाव आहे. माणसामाणसांमधला स्नेह मोजता येत नाही, आणि कोणी मोजू लागलाच तर तो फार काळ टिकत नाही, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. शेंगदाण्यातला, तिळातला किंवा करडईतला स्नेह मात्र मोजल्यावाचून गत्यंतर नसते. शेतकऱ्याच्या मालाचा भाव, तेलगिरणीचा हिशेब आणि बियाण्याच्या नव्या वाणाची पारख ही सारी त्या मापावर अवलंबून असतात. अलीकडे तर तळ्यातल्या शेवाळापासून इंजिनाचे तेल काढण्याच्या गोष्टी चालतात, आणि त्यांचाही पाया शेवटी एका आकड्यावरच असतो: शंभर भाग वाळलेल्या शेवाळात स्नेह किती भाग? हा आकडा प्रयोगशाळेत कसा काढतात, आणि कोणी तो आपल्यापुढे ठेवला तर त्यावर विश्वास टाकण्यापूर्वी काय विचारावे, याविषयी आज थोडे सांगावयाचे योजिले आहे.

आरंभ घाण्यापासून करू. बैल फिरत असे, लाट उखळात कुरकुरत असे, तेल खाली झिरपत असे आणि उरलेली पेंड गुरांपुढे जात असे. त्या पेंडीतही तेल उरते, हे तेल्याला ठाऊक होते आणि गुरे राखणाऱ्यालाही. म्हणजे घाण्यातून जे निघाले ते बीमधले सगळे तेल नव्हे. ते घाण्याला मिळालेले तेल होय. लाकडी घाणा, लोखंडी यंत्र आणि रसायनाचा वापर करणारा कारखाना यांना एकाच पोत्यातून निरनिराळे माप मिळेल. तिघेही खरे बोलत असतील, तरी आकडे जुळणार नाहीत. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी; प्रयोगशाळेत शिरल्यावरही ती आपली पाठ सोडत नाही.

या घाण्याचा शास्त्रशुद्ध इतिहास ज्यांनी लिहिला ते डॉ. के. टी. अचया हे स्वतः स्नेहद्रव्यांचेच रसायनशास्त्रज्ञ. कर्नाटकातील कोळ्ळेगाळ हे त्यांचे जन्मगाव. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे प्राध्यापक हिल्डिच यांच्या हाताखाली ते शिकले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांनी पुष्कळ काम केले, आणि आयुष्याचा उत्तरकाळ बंगळुरात घालविला. घाण्यावरील त्यांचा ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला. तेलाचा रेणू आणि तेल्याचा घाणा या दोहोंकडे सारख्याच आस्थेने पाहणारे असे अभ्यासक विरळाच.

बंगळूरचे नाव निघालेच आहे, तर तेथील भारतीय विज्ञान संस्थेत आपण जाऊ. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर ही संस्था १९०९ साली स्थापन झाली. १९११ साली तेथे पहिले विद्यार्थी आले. सेंद्रिय रसायनाचे पहिले प्राध्यापक सडबरो आणि त्यांचे सहकारी वॉटसन यांनी भारतीय तेलांच्या अभ्यासाला तेथे आरंभ केला. पहिल्या महायुद्धात चंदनाचे लाकूड परदेशी जाणे थांबले, तेव्हा चंदनतेल येथेच गाळून काढण्याचे प्रयोग याच संस्थेत झाले आणि त्यांतून म्हैसूर संस्थानाचा चंदनतेलाचा उद्योग उभा राहिला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. चंदनतेल आणि शेंगदाण्याचे तेल यांना आपण एकच शब्द वापरतो. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे गोत्र भिन्न आहे. चंदनतेल पाण्याच्या वाफेबरोबर वर येते. शेंगदाण्याचे तेल वाफेबरोबर हलत नाही, कागदावर पडले तर त्याचा डाग कायम राहतो. या दुसऱ्या प्रकारच्या तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले. आपले आजचे बोलणे मुख्यतः या गोत्राविषयी आणि त्याच्या भाऊबंदांविषयी आहे.

याच संस्थेच्या जीवरसायन विभागात १९३३ साली एक मराठी मुलगी दाखल झाली. तिचे नाव कमला भागवत, पुढच्या काळातील डॉ. कमला सोहोनी. आपल्या दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. तिचे वडील आणि चुलते याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. तरीही मुलगी म्हणून तिला प्रवेश सहज मिळाला नाही. तो मिळविण्यासाठी तिला संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याशी झगडावे लागले. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली तिने दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. तिचा विषय स्नेहाचा नव्हता, प्रथिनांचा होता. पण ज्या शिस्तीत ती वाढली ती दोन्ही विषयांना समानच लागते. पदार्थ वेगळा करा, शुद्ध करा, तोला, आणि पुन्हा तोला. या ‘पुन्हा’ शब्दात प्रयोगशाळेचे निम्मे शहाणपण सामावलेले आहे.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे वळू. सर्वांत जुनी आणि अजूनही चालू असलेली रीत १८७९ साली फ्रांझ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनज्ञाने दुधातील स्नेह मोजण्यासाठी काढली. बी वाळवून तिची बारीक भरड करावयाची. तोललेली भरड जाड गाळणकागदाच्या नळकांड्यात भरावयाची. खाली काचेच्या चंबूत ईथरसारखा पटकन उडून जाणारा द्रावक ठेवून त्याला मंद ऊब द्यावयाची. द्रावकाची वाफ वर जाते, थंड पाण्याच्या नळीला लागून थेंबाथेंबाने भरडीवर पडते आणि तिच्यातले तेल आपल्यात विरघळवून घेते. नळकांड्याभोवतीचे पात्र भरले की बाजूच्या वाकड्या नळीतून सगळा द्रावक तेलासह एकदम खाली चंबूत उतरतो. चंबूतून पुन्हा शुद्ध द्रावकाचीच वाफ वर जाते. तेल मात्र खालीच राहते. असे आवर्तन तासन्‌तास चालते. घाण्याला जे साधत नाही ते अशा रीतीने साधते, कारण दर फेरीला पेंड नव्या, स्वच्छ द्रावकाने धुतली जाते. शेवटी द्रावक उडवून लावावयाचा, चंबू वाळवून थंड करावयाचा आणि तोलावयाचा. रिकाम्या चंबूचे वजन वजा केले की उरले ते तेल.

या रीतीने पाहिले तर शेंगदाण्यात शेकडा ४५ ते ५०, तिळात सुमारे ५०, तर सोयाबीनमध्ये १८ ते २० भाग तेल भरते. बी हे तेलाचे कोठार आहे. कोठारात तेल मोकळे साठविलेले असते आणि ईथर ते सहज बाहेर आणतो. तेलबियांच्या व्यापाराला आजही ही रीत पुरेशी आहे.

अडचण येते ती पानाच्या आणि शेवाळाच्या वेळी. तेथे स्नेह केवळ कोठारात नसतो. तो घराच्या भिंतींतही असतो. प्रत्येक जिवंत पेशीभोवती आणि तिच्या आतील कप्प्यांभोवती जी तलम पटले असतात, ती स्नेहद्रव्यांचीच बनलेली असतात. हिरव्या पानात सूर्यप्रकाश धरणारी जी हरितकणांची पटले आहेत, त्यांतील स्नेहाला साखरेची जोड असते. काही स्नेहांना स्फुरदाची जोड असते. अशा जोडीमुळे त्या रेणूचे एक टोक पाण्याशी सख्य करते आणि दुसरे तेलाशी. ते प्रथिनांना बिलगून बसतात. एकट्या ईथरला ते दाद देत नाहीत, आणि पान ओले असेल तर ईथर आतपर्यंत पोहोचतही नाही.

मग स्नेह म्हणावयाचे तरी कशाला? आश्चर्य वाटेल, पण शास्त्राने याची जी जुनी व्याख्या केली आहे ती अशी: जे जीवद्रव्य पाण्यात विरघळत नाही आणि ईथर, क्लोरोफॉर्म यांसारख्या द्रावकांत विरघळते, ते स्नेहद्रव्य. प्रथिनांची किंवा पिष्टाची ओळख त्यांच्या घडणीवरून होते. स्नेहाची ओळख मात्र तो कशात विरघळतो यावरून केली गेली. म्हणजे द्रावक बदलला की व्याख्याच थोडी सरकते. मोजण्याची रीत ही येथे नुसते साधन राहत नाही. काय मोजावयाचे हेही काही अंशी तीच ठरविते.

ओल्या ऊतींसाठी या अडचणीतून वाट काढली ती गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात. १९५७ साली फोल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफॉर्म दोन भाग आणि मिथेनॉल एक भाग असे मिश्रण वापरण्याची पद्धत सुचविली. १९५९ साली कॅनडातील ब्लाय आणि डायर यांनी कॉड माशाच्या मांसावर काम करताना तिला एक सुटसुटीत वळण दिले. त्यांची युक्ती सुंदर आहे. ओल्या पदार्थातले पाणी शत्रू न मानता त्यांनी ते हिशेबात धरले. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी हे १, २ आणि ०.८ या प्रमाणात असले की तिन्ही एकजीव होतात. हा एकजीव द्रव पेशीत शिरतो, मिथेनॉल प्रथिनांची पकड सोडवितो आणि क्लोरोफॉर्म स्नेहाला उचलून घेतो. मग थोडा क्लोरोफॉर्म व थोडे पाणी आणखी घातले की मिश्रण फुटते आणि दोन थर पडतात. खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात स्नेह राहतो. वरच्या थरात साखर, क्षार आणि बाकीचा पसारा जातो. खालचा थर काढून घ्यावा, क्लोरोफॉर्म उडवावा आणि उरलेले तोलावे. माशासाठी निघालेली ही रीत आज शेवाळांच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाते. क्लोरोफॉर्मची वाफ अपायकारक असल्यामुळे हे काम हवा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच करावे लागते.

परंतु तराजूला डोळे नसतात. चंबूत उरलेला हिरवागार थर पूर्णपणे स्नेहाचा आहे असे तो सांगत नाही. तो फक्त वजन सांगतो. त्या वजनात हरितद्रव्य असते, पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये असतात, मेणही असते. इंजिनासाठी किंवा खाण्यासाठी तेल शोधणाऱ्याला यांचा उपयोग नाही, पण टक्केवारी त्यांनी वाढलेली असते. उलट बाजूने चोरीही होते. पान कापले की त्यातील विकरे जागी होतात आणि विश्लेषक बाटल्या जुळवीत असतानाच स्नेहाचे तुकडे पाडू लागतात. म्हणून पान आधी उकळत्या आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवून त्या विकरांना निकामी करतात. हवेतील प्राणवायू नाजूक मेदाम्लांना खवट करतो. म्हणून नमुना अंधारात, थंडीत आणि नत्राच्या आवरणाखाली ठेवतात. काही शेवाळांच्या भिंती इतक्या चिवट असतात की काचेच्या बारीक मण्यांनी त्या फोडल्याखेरीज द्रावक आत जात नाही. भिंत न फुटलेली पेशी आपला स्नेह घेऊन तशीच केरात जाते, आणि वहीत मात्र ‘स्नेह कमी’ अशी नोंद होते.

तराजूला डोळे देण्याचे काम वर्णलेखन या तंत्राने केले. हिल्डिच यांच्या पिढीला तेलातील मेदाम्ले वेगळी करण्यासाठी पुष्कळ तेल घेऊन ते निर्वातात पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित करावे लागे. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी वायु-वर्णलेखनाची रीत दाखविली आणि ते काम थेंबाच्याही अंशावर होऊ लागले. आता मेदाम्लांना मिथेनॉलशी जोडून उडून जातील अशी करतात आणि वायूच्या प्रवाहाबरोबर एका लांब, अरुंद नळीतून धाडतात. प्रत्येकाची चाल निराळी, म्हणून प्रत्येक जण आपापल्या वेळी दुसऱ्या टोकाला पोहोचतो, आणि त्याची नोंद कागदावर शिखरासारखी उमटते. हरितद्रव्याचा भार येथे आपोआप गळून पडतो. मोजली जातात ती फक्त मेदाम्ले.

या रीतीत हिशेबाची एक जुनी, शहाणी युक्ती वापरतात. समजा, धान्याच्या राशीत आपण मोजून शंभर गुंजा मिसळल्या. पुढे चाळणे, पाखडणे, सांडणे असे सारे सोपस्कार झाल्यावर गुंजा ऐंशीच हाती आल्या, तर धान्यही त्याच प्रमाणात सांडले असे आपण समजू. विश्लेषकही नमुन्यात आरंभीच सतरा कार्बनांचे मेदाम्ल तोलून मिसळतो, कारण ते वनस्पतींत सहसा नगण्य असते. शेवटी ते किती उरले यावरून वाटेतले नुकसान कळते. ज्या अहवालात अशी गुंज मिसळलेली नाही, त्यातील आकडा सावधपणे वाचावा.

झटपट रीतीही आहेत. तेलबियांच्या वाणांची पैदास करणाऱ्याला एकेक बी दळून टाकणे परवडत नाही. जे बी तपासले तेच त्याला पेरावयाचे असते. अशा वेळी चुंबकक्षेत्रात अखंड बी ठेवून त्यातील द्रव तेलाच्या हायड्रोजनचा प्रतिसाद मोजतात. बी मात्र चांगले वाळलेले हवे, नाहीतर पाणीही तेलाचे सोंग घेते. शेवाळासाठी नाइल रेड नावाचा रंग वापरतात. १९८५ साली ग्रीनस्पॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पेशीतील तेलाच्या थेंबांत शिरून हा रंग सोनेरी प्रकाशाने चमकतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते दृश्य मनोहर असते. पण सर्व जातींच्या भिंती रंगाला सारखीच वाट देत नाहीत. जिने वाट दिली नाही ती जात गरीब दिसते. हजार नमुन्यांतून दहा निवडण्यास ही रीत उत्तम. त्या दहांचा अखेरचा निवाडा मात्र चंबू, तराजू आणि वर्णलेखन यांनीच करावयाचा.

या सर्व काटेकोरपणाची गरज काय, असे कोणी विचारील. उत्तरासाठी पुन्हा बंगळुरास जाऊ. त्या शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर आणि वर्थूर ही मोठी तळी आहेत. शहराचे सांडपाणी त्यांत वर्षानुवर्षे येत गेले. बेळ्ळंदूर तळ्यावर फेसाचे डोंगर उठले, आणि २०१५ व २०१७ साली त्या तळ्यावर आग दिसली. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर, म्हणजे शेवाळाला मेजवानीच. विज्ञान संस्थेतील डॉ. टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तळ्यांचा अभ्यास केला, आणि सांडपाण्यात वाढणारे शेवाळ पाणीही निवळील व तेलही देईल का, हा प्रश्न हाती घेतला. २००९ साली त्यांनी परदेशी शास्त्रज्ञ रिचर्ड गॉर्डन यांच्यासह करंडक वनस्पतींविषयी, म्हणजे वाळूच्या द्रव्याची डबी अंगाभोवती बाळगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांविषयी, एक धाडसी कल्पना मांडली. गाय न मारता आपण दूध काढतो, तद्वत या शेवाळांना न मारता त्यांच्याकडून तेल घ्यावे, ही ती कल्पना. सत्यात उतरो वा न उतरो, कल्पना विचार करण्यासारखी आहे खास.

अशा कल्पनांचा कस टक्केवारीवर लागतो. आपण समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. एक लिटर पाण्यातून अर्धा ग्रॅम वाळलेले शेवाळ मिळाले आणि त्यात शेकडा २० भाग स्नेह निघाला, तर हाती येतो दशांश ग्रॅम. हजार लिटर पाणी गाळावे तेव्हा शंभर ग्रॅम. आता रंगद्रव्यांसकट तोलून कोणी २० ऐवजी ३० म्हटले, तर कागदावरचे उत्पन्न दीडपट होते, आणि त्या कागदाच्या भरवशावर टाक्या, पंप आणि कर्जे उभी राहतात. वाळलेले वजन म्हणताना करंडकाची डबी आणि चिकटलेले क्षार धरले की नाही, यानेही आकडा हलतो.

दुसरा फसवा प्रकार असा. शेवाळाला नत्राची उपासमार केली की ते पेशीत तेल साठवू लागते आणि टक्केवारी झपाट्याने चढते. पण उपाशी शेवाळ वाढत नाही. एका वाफ्यात दर चौरस मीटरला रोज पाच ग्रॅम शेवाळ आणि त्यात ४० टक्के स्नेह, तर मिळकत दोन ग्रॅम. दुसऱ्यात पंधरा ग्रॅम शेवाळ आणि फक्त २० टक्के स्नेह, तर मिळकत तीन ग्रॅम. चाळिसाचा आकडा डोळे दिपवितो, पण जिंकतो तो विसाचा. अमेरिकेत १९७८ ते १९९६ या काळात सरकारी खर्चाने शेवाळ-तेलाचा जो मोठा उपक्रम चालला, त्याचाही अनुभव हाच होता: उपासमारीने टक्का वाढला, एकूण तेल वाढले नाही.

आपल्याकडे २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाच्या म्हणजे मोगली एरंडाच्या लागवडीची मोठी शिफारस केली, तेव्हाही बीमधील तेलाचे आकडे पुष्कळांच्या तोंडी होते. ते आकडे खोटे नव्हते. पण टक्केवारी बीची असते, शेताची नसते. झाडाला किती बी धरेल, उजाड माळावर ते किती वर्षे धरत राहील, याचे उत्तर सॉक्सलेटच्या चंबूत सापडत नाही. अपेक्षेप्रमाणे पीक आले नाही, आणि ज्यांनी जमीन गुंतविली होती त्यांना ते उत्तर शेतातच मिळाले.

म्हणून, श्रोतेहो, यापुढे वर्तमानपत्रात एखाद्या नव्या बीच्या किंवा शेवाळाच्या तेलाचा भरघोस आकडा वाचाल, तेव्हा चार प्रश्न अवश्य विचारा. कोणत्या द्रावकाने तेल काढले? तोलले ते सगळे अर्कद्रव्य, की त्यातील मेदाम्लेच? टक्केवारी कशाच्या वजनावर धरली? आणि त्या टक्क्याला उत्पन्नाने गुणले आहे काय? हे प्रश्न विचारण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. बाजारात माप घेताना शेर कोणता आणि पासंग किती, हे आपल्या आजीला कोणी शिकविले नव्हते. ती विचारीतच असे. प्रामाणिक विश्लेषकाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. त्याची उत्तरे त्याच्या वहीत आधीच लिहिलेली असतात.